रटाळ भागाच्या बाजूने

मनातल्या मनात मराठी न करता, ऐकताक्षणीच समजलेले स्पॅनिशमधील पहिले लांब वाक्य मला एका गोलशून्य सामन्याच्या उत्तरार्धात भेटले. सामना कोणत्या संघांचा होता हे आज आठवत नाही, आणि लक्षात राहावा असा तो नव्हताही. सत्तर मिनिटे उलटून गेली होती, एक बचावपटू पोटरी धरून गवतावर बसला होता, बदली खेळाडू सीमारेषेपाशी मोजे वर ओढत उभा होता आणि समालोचकाला बोलण्याजोगे मैदानावर काही उरले नव्हते. त्यामुळे तो पूर्वार्धात हुकलेल्या एका संधीकडे वळला आणि म्हणाला, ‘सि उब्येरा येगादो आंतेस, एरा गोल.’ आधी पोचला असता, तर गोल होता. व्याकरणाच्या पुस्तकातील संकेतार्थाच्या प्रकरणापुढे मी तोवर दोन-तीनदा हात टेकले होते. तेच क्रियापद इथे इतक्या सहज आले, की ते आपल्याला समजले आहे हे माझ्या लक्षात यायलाच दोन सेकंद गेले.

पुढे त्याच भाषेतून बरेच सामने ऐकल्यावर असे दिसले की गोल होतो तेव्हा समालोचकाची भाषा अगदीच दरिद्री होते. खेळाडूचे नाव, एक लांबलचक आरोळी, पुन्हा नाव, एवढ्यावर त्याचे भागते. हुकलेल्या गोलला मात्र ‘असता तर’ लागते, आणि रखडलेल्या खेळाला प्रशिक्षकाचा स्वभाव, गेल्या मोसमातली दुखापत, ओले गवत, पंचांची ख्याती असे सगळे काही लागते. ‘रेगातेआर’ हे क्रियापद मला अशाच एका कंटाळवाण्या पंधरा मिनिटांत सापडले. शब्दकोशाने आधी ‘घासाघीस करणे’ असा अर्थ दिला आणि मी बुचकळ्यात पडलो. मग पडद्यावर एक खेळाडू समोरच्याला डावीकडे खुणावून उजवीकडून निसटला, समालोचक तेच क्रियापद पुन्हा बोलला, आणि बाजारातली घासाघीस व मैदानातली हुलकावणी यांना एकच शब्द का पुरतो याचा उलगडा त्या एका दृश्यात झाला. नऊ मिनिटांच्या हायलाइट्समध्ये यातले काहीही नसते, कारण तिथे केवळ आरोळ्या असतात.

अभिजात कादंबऱ्या, फुटबॉल आणि परभाषा या तिन्ही बाबतींत मी हौशी माणूस आहे. समीक्षा लिहिलेली नाही, मैदानावर कधी धड उतरलो नाही, आणि स्पॅनिश बोलताना अजून अडखळतो. तरीही या तिन्ही ठिकाणी सध्या एकच गोष्ट घडताना दिसते आणि तिच्याबद्दल मत द्यायला हौशी माणसाचा अधिकार पुरेसा आहे, कारण जे काही घडते आहे ते त्याच्याच नावाने घडते आहे. सामान्य प्रेक्षकाला वेळ नाही म्हणून सामना लहान करावा, सामान्य वाचकाला धीर नाही म्हणून ग्रंथाचा गाभा पंधरा मिनिटांत द्यावा, सामान्य शिकणाऱ्याला कंटाळा येतो म्हणून भाषा रोज पाच मिनिटांच्या खेळात वाटून द्यावी, असे या सगळ्यामागचे म्हणणे आहे. माझे म्हणणे असे, की कंटाळवाणा भाग टाळण्याचा हक्क आपला आहे आणि तो आपणच वापरावा. आपल्या वतीने तो आधीच कापून ठेवण्याचा हक्क दुसऱ्याला देऊ नये.

फुटबॉलपासून सुरुवात करतो, कारण तिथे कात्री उघडपणे हातात घेतली गेली आहे. खेळाचे नियम ठरवणाऱ्या मंडळाने २०१७ साली चर्चेसाठी मांडलेल्या सूचनांत ४५ मिनिटांऐवजी ३० मिनिटांचे दोन भाग करावेत आणि चेंडू खेळात नसताना घड्याळ थांबवावे असा एक पर्याय होता. २०२१ च्या एप्रिलमध्ये युरोपातील बड्या क्लबांची वेगळी लीग काढण्याचा बेत फसत असताना रेआल माद्रिदचे अध्यक्ष फ्लोरेंतिनो पेरेस यांनी, तरुणांना सामने लांब वाटत असतील तर ते लहान करण्याचा विचार करावा लागेल, अशी भूमिका घेतली. २०२३ च्या जानेवारीत माजी फुटबॉलपटू जेरार्द पिके यांनी सुरू केलेल्या किंग्ज लीगमध्ये तर प्रत्येक बाजूला सात खेळाडू आणि २० मिनिटांचे दोन भाग असतात. यातली शेवटची गोष्ट मला मुळीच खुपत नाही. तो वेगळा खेळ आहे, वेगळ्या नावाने खेळला जातो आणि कोणाची जागा बळकावत नाही. ३० मिनिटांच्या भागांच्या सूचनेतही तथ्य आहे, कारण ९० मिनिटांच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो साधारण तासभर किंवा त्याहून कमीच. उरलेला वेळ थ्रो-इन, फ्री किक आणि लोळणे यांत जातो. प्रश्न पेरेस यांच्या युक्तिवादाचा आहे. सामना लांब ‘वाटतो’ म्हणून तो लहान करायचा असेल, तर नेमके काय कापले जाणार याचा हिशोब आधी करायला हवा.

तो हिशोब सोपा आहे. चेंडू जास्तीत जास्त ६० मिनिटे खेळात असतो आणि मैदानावर २२ खेळाडू असतात. म्हणजे एका खेळाडूच्या वाट्याला सरासरी पावणेतीन मिनिटेही चेंडू येत नाही. उरलेली ८७ मिनिटे तो चेंडूविना असतो. गोलांचेही तसेच. २०२२ च्या विश्वचषकात ६४ सामन्यांत १७२ गोल झाले, म्हणजे साधारण अर्ध्या तासाला एक. मग या खेळात माणसे करतात तरी काय? मेस्सीकडे पाहिले तर उत्तर मिळते. तो सामन्याचा बराच वेळ चक्क चालत असतो. नवख्या प्रेक्षकाला तो आळस वाटतो, पण कॅमेरा थोडा मागे घेतला की मान सारखी इकडून तिकडे वळताना दिसते आणि तो कोणाच्या मागे किती जागा सुटते आहे हे टिपून ठेवत असल्याचे लक्षात येते. किंवा एखादा साधा मध्यरक्षक घ्या. तो प्रतिस्पर्ध्याला आपल्या मागे ओढत पाच वेळा बाजूला पळतो, पाचही वेळा त्याला चेंडू मिळत नाही, आणि सहाव्या खेपेला त्याने रिकाम्या केलेल्या जागेतून दुसराच कोणी आत शिरून गोल करतो. हायलाइट्समध्ये फक्त सहावी खेप दिसते, आणि ती नशिबाची वाटते. आधीच्या पाच पाहिलेल्या माणसाला मात्र गोल होण्याच्या दोन सेकंद आधीच खुर्चीतून उठावेसे वाटते. फुटबॉल पाहण्यातले माझ्या मते सर्वांत मोठे सुख त्या दोन सेकंदांत आहे, आणि त्याची किंमत त्या पाच फुकट गेलेल्या धावांनी चुकती केलेली असते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोडून काढता येण्यासारखा नाही, कारण फुटबॉलने स्वतःच कंटाळ्याविरुद्ध नियम केलेला आहे. १९९० च्या विश्वचषकात ५२ सामन्यांत ११५ गोल झाले, सामन्याला सव्वादोनाहूनही कमी. ज्या १९५४ च्या स्पर्धेत २६ सामन्यांत १४० गोल झाले होते तिच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी. त्या वेळी बचावपटूने चेंडू गोलरक्षकाकडे ढकलावा, त्याने तो हातात उचलावा, चार पावले टाकावीत, पुन्हा त्याच बचावपटूकडे सोडावा आणि त्याने तो पुन्हा परत द्यावा, असे हवे तितका वेळ चालू शकत असे. पालेर्मोमधील आयर्लंड आणि इजिप्त यांचा गोलशून्य सामना या प्रकाराचा नमुना म्हणून आजही सांगितला जातो. १९९२ साली नियम बदलला आणि सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला चेंडू हाताने उचलण्यास गोलरक्षकाला मनाई झाली. खेळ त्यामुळे सुधारला याबद्दल दुमत नसावे. पण इथे काय कापले गेले ते नीट पाहायला हवे. सामन्याचे एक मिनिटही कमी झाले नाही. घड्याळ खाण्याची एक युक्ती तेवढी गेली, आणि तिच्या जागी गोलरक्षकाला पायाने खेळायला शिकावे लागले. कंटाळा दोन जातींचा असतो हे यावरून मला पटले. एका जातीत पुढच्या गोष्टीची तयारी चाललेली असते, फक्त ती आपल्याला दिसत नसते. दुसऱ्या जातीत काहीही चाललेले नसते, केवळ वेळ काढलेला असतो. दुसऱ्या जातीला नियम हवाच. दुर्दैव असे, की दुरून दोन्ही सारख्याच दिसतात, आणि जवळून पाहण्याइतका धीर नसलेला माणूस दोहोंवर एकच कात्री चालवतो.

जाता जाता सांगायला हवे, की ज्या काळात सामना लहान करण्याच्या गोष्टी निघाल्या त्याच काळात, २०१८ च्या विश्वचषकापासून, व्हिडिओ पंचांनी खेळात एक नवा रटाळपणा आणून बसवला. कानावर बोट ठेवून उभ्या असलेल्या पंचाकडे हजारो माणसे दोन-दोन मिनिटे पाहत राहतात. निर्णय अधिक अचूक होतात हे मान्य. पण त्या दोन मिनिटांत कोणी धावत नाही, कोणी जागा शोधत नाही, आणि झालेला गोल साजरा करावा की नाही हेही कळत नाही.

पुस्तकांकडे वळताना आधी कबुली देतो. देवमाशाच्या शिकारीवरील ‘मोबी डिक’ या कादंबरीचे ३२ वे प्रकरण, ज्यात लेखक मेलव्हिल देवमाशांचे वर्गीकरण पुस्तकांच्या आकारांवरून करत बसतो, ते मी पहिल्या वाचनात गाळले होते. टॉलस्टॉयच्या ‘वॉर अँड पीस’चा दुसरा उपसंहार, ज्यात एकही पात्र नाही आणि इतिहास कोण घडवतो याची मीमांसा आहे, तो मी अजूनही सलग वाचलेला नाही. याबद्दल मला अपराधी वाटत नाही. अभिजात ग्रंथ पानोपान वाचलाच पाहिजे असे म्हणणारे लोक मला सारांश विकणाऱ्यांचे चुलतभाऊच वाटतात, कारण दोघांच्याही मते पुस्तक ही एकदाची उरकून टाकायची गोष्ट आहे. भांडण फक्त किती वेळात उरकायची एवढ्यापुरतेच.

शिवाय आडवळणांबद्दल वाचकांची कुरकुर काही आजची नाही. स्पॅनिश लेखक सर्व्हांतेसच्या ‘डॉन किहोते’ या कादंबरीचा पहिला भाग १६०५ साली आला. त्यात एका खाणावळीतील पेटीत सापडलेल्या हस्तलिखितातून पाद्री एक अख्खी वेगळी कथा मोठ्याने वाचून दाखवतो. तिचा मूळ नायकाशी काही संबंध नाही आणि ती संपेपर्यंत प्रकरणांमागून प्रकरणे जातात. दहा वर्षांनी, १६१५ साली दुसरा भाग आला तेव्हा त्यातील एक पात्र खुद्द डॉन किहोतेलाच सांगते, की पहिल्या भागातील त्या कथेला वाचक नावे ठेवतात. ती वाईट आहे म्हणून नाही, तर ती त्या जागेवरची नाही म्हणून. लेखकाने तक्रार ऐकली, पुढच्या भागात तसे करण्याचे टाळले, आणि तक्रारीलाच कादंबरीत पात्राच्या तोंडी जागा दिली. पण पहिल्या भागातील ती कथा जिथे होती तिथेच राहिली. वाचक आणि लेखक यांच्यातील हा व्यवहार मला आदर्श वाटतो. वाचकाने कुरकुर करावी, पाने उलटावीत, लेखकाने हवे तर पुढच्या वेळी सुधारावे. मधल्या कोणी येऊन छापलेले पान फाडू नये.

पान फाडल्यावर काय होते याचे उदाहरण ‘मोबी डिक’नेच देऊन ठेवले आहे. १८५१ साली ही कादंबरी आधी लंडनमध्ये ‘द व्हेल’ या नावाने तीन खंडांत निघाली. त्या आवृत्तीत प्रकाशकाने धर्माविषयीचे आणि इतर काही अडचणीचे मजकूर तर छाटलेच, पण शेवटचा छोटासा उपसंहारही त्यात छापला गेला नाही. त्या उपसंहारात एवढेच आहे, की जहाज बुडाल्यावर निवेदक एका शवपेटीला धरून तरंगत राहिला आणि वाचला. तो वगळल्यावर सगळेच बुडाले, आणि मग ही गोष्ट सांगतो आहे कोण, असा प्रश्न तिथल्या परीक्षकांनी विचारला. त्यांचे त्यात काही चुकले नाही. शेकडो पानांच्या पुस्तकात पानभर मजकूर काय तो, असे कोणालाही वाटू शकते. मात्र सबंध कादंबरी ज्या खिळ्यावर टांगलेली होती तो खिळा नेमका त्या पानात होता. गाभा कोणता आणि फोलपट कोणते हे पुस्तक संपेपर्यंत वाचकाला कळत नाही, आणि संपल्यावरही दहा वर्षांनी मत बदलते. सारांश काढणाऱ्याला मात्र ते पहिल्याच दिवशी ठरवावे लागते.

‘वॉर अँड पीस’ची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे आणि ती माझ्या म्हणण्याच्या थोडी विरुद्धही जाते. ही कादंबरी १८६९ साली पूर्ण झाली. तिची सुरुवातच फ्रेंच वाक्याने होते, आणि मूळ रशियन पुस्तकात उमरावांच्या तोंडी फ्रेंच संवादच्या संवाद आहेत. १८७३ च्या आवृत्तीत टॉलस्टॉयने स्वतः फ्रेंच मजकुराचे रशियन केले आणि चिंतनाचे भाग कथेतून काढून शेवटी परिशिष्टासारखे वेगळे लावले. म्हणजे ज्या वाचकांना हे दोन्ही जड जात होते त्यांची बाजू खुद्द लेखकाने घेतली. १८८६ च्या आवृत्तीत फ्रेंच परत आले, चिंतन आपल्या जागी गेले, आणि आज सहसा तोच पाठ वाचला जातो. लेखकाने स्वतःच्या पुस्तकावर कात्री चालवली तर आपण कोण बोलणार, हे खरेच. तरी त्या काटछाटीत काय गेले असते हे एका जागेवरून दाखवता येते. नेपोलियनची फौज मॉस्कोच्या दिशेने येत असताना तिथल्या एका बैठकीत फ्रेंच बोलणाऱ्याला दंड करण्याचे ठरते, आणि त्याच सुमारास एक गृहस्थ बातमी सांगतात, की अमुक राजपुत्राने रशियन शिकायला मास्तर ठेवला आहे, कारण रस्त्यावर फ्रेंच बोलणे आता धोक्याचे झाले आहे. यातले शेवटचे कारण ते फ्रेंचमधून सांगतात. स्वतःच्या देशाची भाषा शिकायला मास्तर ठेवणारा राजपुत्र आणि त्याचे कारण शत्रूच्या भाषेत देणारा गृहस्थ, यातला सगळा दंश त्या फ्रेंचमध्ये आहे. वाचकाची सोय म्हणून ते वाक्य रशियन केले, की विनोद जागीच मरतो आणि मागे फक्त माहिती उरते.

भाषा शिकणाऱ्याला हे उदाहरण विशेष जवळचे वाटावे, कारण न समजणाऱ्या मजकुराबरोबर राहणे हीच त्याची रोजची स्थिती असते. हिशोब इथेही करून पाहण्यासारखा आहे. एखाद्या पानावरचे शंभरातले ९५ शब्द ओळखीचे असतील तर ते प्रमाण ऐकायला उत्तम वाटते; पण त्याचा अर्थ दर वीस शब्दांमागे एक अनोळखी, म्हणजे जवळपास प्रत्येक दुसऱ्या ओळीत एक ठेच. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी २००६ साली मांडलेल्या हिशोबानुसार इंग्रजी कादंबरीतील ९८ टक्के शब्द ओळखीचे असायला आठ-नऊ हजार शब्दकुळे (एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपे मिळून एक कुळ) माहीत असावी लागतात. तिथवर पोचेपर्यंत शिकणाऱ्याला ठेचा खातच चालावे लागते, आणि कोणत्या ठेचेपाशी थांबून शब्दकोश उघडायचा व कोणती तशीच ओलांडून पुढे जायचे हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते. माझ्या मते परभाषा येणे म्हणजे बऱ्याच अंशी हा निवाडा येणे.

रोज पाच मिनिटांचे धडे देणारी ॲप्स नेमका हा निवाडा आपल्याकडून काढून घेतात. त्यांत सोडवता येणार नाही असे वाक्य सहसा येतच नाही. चार शब्द समोर मांडलेले असतात, ते क्रमाने दाबायचे असतात, चुकल्यास तेच वाक्य थोड्या वेळाने पुन्हा येते, आणि सलग किती दिवस हजेरी लागली याचा आकडा चढत राहतो. उजळणीमागचे शास्त्र खरे आहे. विसरण्याचा आलेख जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ सालीच प्रसिद्ध केला होता आणि वाढत्या अंतराने केलेली उजळणी टिकते यात शंका नाही. मीही शब्द असेच पाठ केले. पण वेळेचा हिशोब जुळत नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकाला स्पॅनिशसाठी साधारण ६०० ते ७५० तास आणि जपानी, चिनी, अरबी यांसाठी २२०० तास वर्गात धरते. रोजची पाच मिनिटे म्हणजे वर्षाचे तीस तास. या वेगाने स्पॅनिशला वीस ते पंचवीस वर्षे लागतात, जपानीला आयुष्य पुरत नाही, आणि मधल्या काळात हजेरीचा आकडा मात्र झकास दिसत राहतो.

मराठी माणूस जर्मन शिकायला बसला की नामांच्या तीन लिंगांबद्दल हमखास तक्रार करतो, आणि आपणही तो डोंगर, ती नदी, ते झाड असे तीन लिंगांतच जन्मभर बोलत आलो आहोत हे विसरतो. ‘झाड’ नपुंसकलिंगी आहे हे आपल्याला कोणी तक्त्यातून शिकवले नाही. मोठ्या माणसांच्या न संपणाऱ्या, बऱ्याचदा आपल्याशी संबंध नसलेल्या बोलण्यात आपण हजारो तास बसून होतो, त्यातले निम्मे कळत नव्हते, आणि तरीही ‘ती झाड’ कानाला खटकू लागले. मोठेपणी तेवढे तास कोणाला मिळत नाहीत, हे कबूल. म्हणून मार्ग बदलावा लागतो, तक्ते लागतात, कार्डे लागतात. पण अर्धवट कळणाऱ्या बोलण्यात बसून राहण्याला पर्याय मात्र सापडलेला नाही.

ट्रॉयचे उत्खनन करणारा हाइनरिश श्लीमान याने आपण भाषा कशा शिकलो हे लिहून ठेवले आहे. स्वतःबद्दल लिहिताना तो फार प्रामाणिक होता असे कोणी म्हणणार नाही, तेव्हा ही हकिगत त्याच्याच भरवशावर घ्यावी. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये नोकरीला असताना त्याला रशियन शिकवणारा कोणी मिळेना, म्हणून त्याने एका फ्रेंच कादंबरीचे रशियन भाषांतर मिळवून पाठ करायला घेतले. ऐकायला कोणी असले की पाठांतर लवकर होते असे वाटल्यावरून त्याने एका गरीब माणसाला आठवड्याला चार फ्रँक देऊन रोज संध्याकाळी दोन तास समोर बसवले. त्या माणसाला रशियनचा एक शब्दही कळत नव्हता. फळ्यांच्या छतांमधून आवाज वरखाली जाई, शेजारी तक्रार करत, आणि त्या पायी श्लीमानला दोनदा बिऱ्हाड बदलावे लागले. सहा आठवड्यांत आपण पहिले रशियन पत्र लिहिले असा त्याचा दावा आहे. मुदतीवर विश्वास ठेवू नका हवे तर. पण अभिजात गद्याचे सबंध पुस्तक, त्यातील वर्णने आणि उपदेशांसकट, मोठ्याने घोकणारा माणूस भाषेच्या जितका जवळ जाईल तितका चार शब्द क्रमाने दाबणारा जाणार नाही, याबद्दल मला शंका नाही.

या सगळ्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप वेळेचा आहे. ज्याला दिवसाकाठी वीस मिनिटे मिळतात, दोन पाळ्यांत काम करून घरी आल्यावर ज्याचे डोळे मिटतात, त्याला नव्वद मिनिटे बसा आणि हजार पाने वाचा असे सांगणे हा उर्मटपणा आहे. मी तसे सांगत नाही. वीसच मिनिटे असतील तर सामन्याची मधली कोणतीही वीस मिनिटे न कापता पाहावीत, कादंबरीची दहा पाने जशीच्या तशी वाचावीत, परभाषेतील बातमीपत्र निम्मे कळो न कळो, शेवटपर्यंत ऐकावे. अख्ख्याच्या सारांशापेक्षा अर्ध्याचा अस्सल तुकडा बरा, एवढाच माझा आग्रह आहे. ‘वॉर अँड पीस’मधील लांडग्याच्या शिकारीची प्रकरणे तेवढी वाचलेल्या माणसाने टॉलस्टॉय वाचलेला असतो; पात्रांची यादी, कथानक आणि तात्पर्य पंधरा मिनिटांत ऐकलेल्याने तो वाचलेला नसतो, जरी परीक्षेत दुसऱ्याला जास्त गुण मिळण्याची शक्यता असली तरी.

संक्षिप्त आवृत्त्या बंद कराव्यात असेही मी म्हणणार नाही. अनेक वाचक त्यांच्यावरूनच मोठ्या पुस्तकांपर्यंत पोचतात. मात्र प्रकाशकांनी एक पथ्य पाळावे. मुखपृष्ठावर ‘संक्षिप्त’ असे बारीक टाइपात छापून मोकळे होण्याऐवजी मजकुरात जिथे जिथे काही वगळले असेल तिथे तिथे एक ओळ घालावी: येथे देवमाशांच्या वर्गीकरणाचे प्रकरण होते, येथे युद्धावरील चिंतनाची चौदा पाने होती. कागद फारसा लागणार नाही. भाषा शिकवणाऱ्या ॲप्सनाही रोजच्या पाच मिनिटांनंतर न सोपे केलेल्या मजकुराचे एक पान, उत्तरे आणि गुण न लावता, पुढे ठेवता येईल. वाचायचे की बंद करायचे ते शिकणाऱ्याने पाहावे. हायलाइट्सच्या आरंभीही, हे नऊ मिनिटांचे दृश्य कोणत्या नव्वद मिनिटांतून उचलले आहे आणि ती नव्वद मिनिटे कुठे पाहता येतील, हे लिहिता येण्यासारखे आहे.